विश्लेषण : बोईसरच्या माणसाने चाळिशीत स्पॅनिश शिकावी का?

बोईसरमध्ये रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतील जनरल शिफ्ट सुटून बराच वेळ झालेला असतो आणि तिकडचा खरेदी विभाग नुकता कामाला लागलेला असतो. इकडचा उत्पादन व्यवस्थापक जेवता जेवता फोन पाहतो. ई-मेलमध्ये चार ओळी इंग्रजीत, खाली सहकाऱ्यांमधला संवाद स्पॅनिशमध्ये. नेमकी अडचण त्या खालच्या ओळींत लिहिलेली असते आणि तीच वाचता येत नाही. परदेशी भाषा ही पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन मुलांनी शिकण्याची गोष्ट, असा समज पालघर जिल्ह्यात अजूनही आहे. तो बदलण्याची वेळ आली आहे. मात्र त्यासाठी काय शिकायचे, किती शिकायचे आणि कुठे थांबायचे, हे आधी स्पष्ट व्हायला हवे.

बोईसर-तारापूरचा स्पॅनिशशी संबंध काय?

औषधांचा कच्चा माल, रसायने, रंगद्रव्ये, पोलाद आणि कापड ही तारापूर औद्योगिक वसाहतीची ओळख. या मालाला परदेशात गिऱ्हाईक आहे आणि त्या गिऱ्हाइकांत स्पॅनिश बोलणारे देश मोठ्या संख्येने आहेत. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना धरून २० देशांची ती अधिकृत भाषा आहे. जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे.

औषध उद्योगाचे जागतिक प्रदर्शन ‘सीपीएचआय’ २०२३ मध्ये बार्सिलोनात भरले होते. वस्त्रोद्योगातील यंत्रांचे ‘इट्मा’ हे प्रदर्शनही २०१९ मध्ये तिथेच झाले. कापड व्यवसायात कोलंबियातील मेडेयिन शहराचे ‘कोलंबियातेक्स’ प्रसिद्ध आहे. म्हणजे तारापूरच्या उद्योगांचे रस्ते स्पॅनिश बोलणाऱ्या शहरांतून जातातच.

लहान कारखान्यांची अडचण वेगळी असते. त्यांचा बराच माल मुंबईतील व्यापारी निर्यातदारांमार्फत बाहेर जातो. माल बोईसरचा, पण गिऱ्हाइकाची ओळख मुंबईची. ज्याच्याकडे ओळख, त्याच्याकडे भाव ठरवण्याची ताकद. निर्यातदार परवाने, कागदपत्रे, पैशांची जोखीम सांभाळतो, त्याचे मोल आहेच. पण थेट संबंध जोडायचा झाला तर पहिली पायरी भाषेचीच असते.

इथे एक इशारा आवश्यक. लॅटिन अमेरिकेत भारताचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार ब्राझील आहे आणि तिथे पोर्तुगीज बोलतात. त्यामुळे शिकायला बसण्यापूर्वी कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांची यादी उघडून पाहावी. यादीत साओ पावलो जास्त असेल तर पोर्तुगीज, बोगोटा आणि लिमा जास्त असतील तर स्पॅनिश. यादीच नसेल, तर भाषेआधी गिऱ्हाईक शोधावे.

ही भाषा पालघरला खरोखरच परकी आहे का?

पूर्णपणे नाही. वसईचा किल्ला १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होता. तारापूरचा किल्लाही १७३९ मध्येच मराठ्यांनी त्यांच्याकडून घेतला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. एवढेच नव्हे, तर १५८० ते १६४० ही साठ वर्षे स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता. कारभार वेगळा राहिला, पण त्या काळात वसई-तारापूरवर ज्याच्या नावाने राज्य चालत होते तो राजा माद्रिदमध्ये बसत होता.

त्या दोन शतकांचा ठेवा रोजच्या मराठीत आहे. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. मराठी पाव पोर्तुगीजांचा, स्पॅनिशमध्ये त्याला ‘पान’ म्हणतात. चावीला ‘याबे’, बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. पपईला ‘पापाया’, तंबाखूला ‘ताबाको’, दाराच्या बिजागरीला ‘बिसाग्रा’.

डहाणू-घोलवडचा चिकू तर मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मेक्सिकोत त्याला ‘चिकोसापोते’ म्हणतात. त्याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनत असे. मेक्सिकोच्या पाहुण्यासमोर घोलवडच्या चिकूची फोड ठेवली, तर संभाषण कुठून सुरू करायचे हा प्रश्न उरत नाही.

मराठी भाषकाला शिकताना कोणता फायदा मिळतो?

बहुतेक पुस्तके आणि अॅप स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे मराठी माणूस आधी इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो आणि जे त्याला सोपे आहे तेच त्याला अवघड वाटू लागते. मराठीतून पाहिले तर चित्र बदलते.

इंग्रजी माणूस ‘मी आंबा आवडवतो’ अशा घडणीत विचार करतो. मराठी माणूस म्हणतो, ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये अगदी हेच घडते. ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’. ‘माझं डोकं दुखतंय’ याला ‘मे दुएले ला काबेसा’. पाय दुखत असतील तर क्रियापद अनेकवचनी होऊन ‘दुएलेन’. इंग्रजी भाषकांना हा धडा आठवडेच्या आठवडे छळतो. मराठी माणसाला तो पहिल्या बैठकीत कळायला हरकत नाही.

वस्तूंना लिंग असते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ हे ज्याच्या तोंडी बसले आहे त्याला ‘चिको बुएनो, चिका बुएना’ यात नवल वाटत नाही. क्रियापदावरून कर्ता ओळखण्याची सवयही मराठीत आहे. ‘येतो’, ‘येतेस’, ‘येतात’ म्हटले की कोण, ते कळते. स्पॅनिशमध्येही कर्ता सहज गाळला जातो.

आदराचेही तसेच. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत नाते सांगितलेले असते. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’. तिथला ‘तू’ उच्चारालाही मराठी ‘तू’सारखाच आहे. व्यवसायात सुरुवात ‘उस्तेद’नेच करावी आणि समोरचा माणूस ‘तू’वर आला की मग आपणही यावे, हा संकेत कोणत्याही मराठी घरात वाढलेल्याला न सांगता कळतो.

उच्चारांतही मराठी जिभेला आधार आहे. स्पॅनिशमध्ये ‘ट’ आणि ‘ड’ नाहीत, ‘त’ आणि ‘द’ आहेत. इंग्रजी बोलताना लागलेली ‘ट’ची सवय बाजूला ठेवली की ‘टाको’चा ‘ताको’ होतो. स्वर पाचच. ‘आ, ए, ई, ओ, ऊ’. लिहिले तसे वाचायचे, हा नियम इंग्रजीपेक्षा देवनागरीच्या जवळचा आहे.

मग अडखळायला कुठे होते?

पहिली अडचण ‘आहे’ या साध्या शब्दाची. मराठीत ‘तो इंजिनीअर आहे’ आणि ‘तो बोईसरला आहे’ यांत एकच क्रियापद. स्पॅनिशमध्ये दोन. माणूस काय आहे यासाठी ‘सेर’, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे यासाठी ‘एस्तार’. ही सवय लागायला महिने जातात.

दुसरी लिंगाची. मराठीत तीन लिंगे, स्पॅनिशमध्ये दोन. शिवाय मराठीत ‘आ’ने संपणारा ‘मुलगा’ पुल्लिंगी, तर स्पॅनिशमध्ये ‘आ’ने संपणारी ‘चिका’ म्हणजे मुलगी. डोके चालत असले तरी जीभ जुन्या वाटेने जाते.

तिसरी ‘र’ची. मराठी ‘र’ एका ‘र’साठी पुरतो. पण दोन ‘र’ एकत्र आले की जीभ थरथरवावी लागते. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. आणखी एक गंमत अशी की शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्यामुळे नमस्काराचा शब्द ‘होला’ नसून ‘ओला’ आहे. पालघरच्या पावसाळ्यात तरी तो विसरणार नाही.

चौथी, प्रदेशागणिक बदलणाऱ्या भाषेची. माद्रिद, मेक्सिको आणि ब्युनोस आयर्सची स्पॅनिश एकसारखी नाही. पण वाडवळी, मांगेली, कुपारी आणि वारली एकाच जिल्ह्यात ऐकणाऱ्याला याची धास्ती वाटू नये. ज्या देशात गिऱ्हाईक आहे तिथली बोली निवडावी, बाकीची कानाला हळूहळू सवय होते.

वय आड येते का?

‘या वयात आता कुठली भाषा’ हे वाक्य बोईसरमध्ये फारसे टिकत नाही. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला कामगार इथे वर्षभरात कामापुरते मराठी समजू लागतो. इथला माणूस घरी वारली किंवा मांगेली, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती आणि कागदावर इंग्रजी वापरतो. यातल्या निम्म्या भाषा त्याने वर्गात बसून शिकलेल्या नसतात. गरज होती, ऐकणे होते आणि चुकले तरी कोणी हसून नोकरीवरून काढत नव्हते.

वयाचा परिणाम होतो तो मुख्यतः उच्चारावर. मोठेपणी शिकलेल्याचा हेल राहतो. पण व्याकरणाचा नमुना ओळखणे आणि शब्द लक्षात ठेवणे यात सुरुवातीच्या काळात प्रौढ माणूस लहान मुलापेक्षा पुढे असतो. त्याला कमी पडतो तो वेळ आणि चुकण्याची तयारी. पंधरा माणसांवर हुकूम चालवणाऱ्या शिफ्ट इन-चार्जला वर्गात ‘मी आहे, तू आहेस’ घोकणे अवघड जाते, ते बुद्धीमुळे नव्हे, संकोचामुळे.

मराठी माणसाने हे पूर्वी केलेही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मक्याबद्दल सांगायचे तर ते त्याच्याच भाषेत सांगावे लागते. खानखोजे तिकडे भाषा शिकायला गेले नव्हते, काम करायला गेले होते. भाषा कामाच्या मागोमाग आली. बोईसरच्या माणसासाठी यातला धडा तोच आहे.

किती वेळ लागतो आणि तो आणायचा कुठून?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना व्यावसायिक पातळीची स्पॅनिश येण्यासाठी ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरते. हा आकडा ऐकून बरेच जण मागे फिरतात. पण तो राजनैतिक अधिकाऱ्यांसाठीचा आहे. ओळख करून देणे, भाव विचारणे, रस्ता शोधणे, जेवणाच्या टेबलावर दोन गोष्टी बोलणे आणि साध्या ई-मेलचा आशय समजणे यासाठी साधारण दीडशे ते दोनशे तास पुरतात.

हिशेब सोपा आहे. रोज ४५ मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस, ४० आठवडे. एकूण १८० तास. हा वेळ कुठून आणायचा याचे उत्तर पश्चिम रेल्वेने देऊन ठेवले आहे. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावते. विरार-वसईहून बोईसरला कामावर येणाऱ्याचा किंवा पालघरहून मुंबईला जाणाऱ्याचा रोजचा प्रवास एवढा असतो की त्यातला एक तुकडा कानात इअरफोन घालून भाषेला देता येतो. गर्दीत वही उघडता येत नाही, पण ऐकता येते.

मात्र केवळ ऐकून भागत नाही. आठवड्यातून दोनदा तरी माणसाशी बोलायला हवे. दिल्लीतील इन्स्टिट्यूटो सर्व्हांटेस ही स्पेन सरकारची संस्था २००९ पासून कार्यरत आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग स्पॅनिश शिकवतो. बोईसरहून संध्याकाळच्या वर्गाला मुंबईला जाणे म्हणजे रात्र प्रवासात घालवणे. त्यापेक्षा ऑनलाइन शिक्षक आणि जवळचे तीन-चार सहकारी असा गट जास्त टिकतो.

विसरण्याचाही विचार आधीच करावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले की नवे पाठांतर पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने विसरले जाते आणि ठरावीक अंतराने उजळणी केली तर ते टिकते. म्हणून रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजची पाऊण तासाची बैठक जास्त कामाची.

मोबाइल भाषांतर करतो, मग शिकायचे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. फलक वाचणे, मेन्यू समजणे, ई-मेलचा अंदाज घेणे यासाठी मोबाइल उत्तम आहे आणि तो वापरावाच. पण दोन ठिकाणी तो कमी पडतो.

एक, जिथे संबंध तयार होतात तिथे. कारखान्याची पाहणी करायला आलेला परदेशी गिऱ्हाईक संध्याकाळी जेवायला बसतो, तेव्हा दोघांच्या मध्ये फोन ठेवून गप्पा होत नाहीत. मेक्सिकोचा माणूस ‘आओरिता’ म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘आत्ताच’. प्रत्यक्षात तो पाच मिनिटे असू शकतो किंवा दोन तास. ‘हा आलोच’ म्हणून तासाने येणाऱ्या मराठी माणसाला तो कळायला वेळ लागू नये. पण भाषांतर करणारा फोन ‘आत्ताच’ एवढेच सांगणार.

दोन, जिथे भाषांतर चुकले आहे हे ओळखावे लागते तिथे. थोडी भाषा येणाऱ्याला यंत्राची चूक खटकते. अजिबात न येणारा ती चूक तशीच गिऱ्हाइकाला पाठवतो. शिवाय गोपनीय सूत्रे, भाव आणि करार मोफत अॅपमध्ये चिकटवणे ही कोणत्याही औषध कंपनीने टाळायची गोष्ट आहे.

व्यवसायात अर्धवट भाषा कुठे महागात पडते?

सर्वांत आधी आकड्यांत. स्पेन, अर्जेंटिना, चिली, कोलंबिया अशा देशांत दशांश दाखवायला स्वल्पविराम आणि हजार दाखवायला पूर्णविरामासारखा ठिपका वापरण्याची प्रथा आहे. मेक्सिकोत भारतासारखीच, म्हणजे उलट. त्यामुळे बोईसरहून किलोमागे ‘१२.५००’ डॉलर असा भाव गेला, तर इकडे तो साडेबारा असतो आणि ब्युनोस आयर्समध्ये कोणी तो साडेबारा हजार असा वाचू शकतो. किलोच्या भावात ही चूक लगेच लक्षात येते. पण मालाच्या वजनात ‘१.२५०’ किलो लिहिले, तर सव्वा किलो की साडेबाराशे, हा घोळ नमुन्याच्या पार्सलमध्येही होऊ शकतो. मोठ्या रकमांतही सापळा आहे. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी, तर स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे एक लाख कोटी. दोन्हींत हजारपटीचा फरक. महत्त्वाचा आकडा अक्षरांतही लिहावा, हा जुन्या मुनीमजींचा नियम इथे कामाला येतो.

त्यानंतर कागदपत्रे. मेक्सिकोची ‘कोफेप्रिस’, कोलंबियाची ‘इन्विमा’, अर्जेंटिनाची ‘आनमात’, पेरूची ‘दिगेमिद’ या औषध नियामक संस्था स्पॅनिशमध्ये काम करतात. रसायनांच्या सुरक्षा माहितीपत्रकांची आणि लेबलांचीही भाषा तिथल्या कामगाराला कळणारी असावी लागते. हे काम सहा महिने शिकलेल्या हौशी माणसाचे नाही. पिंपावर ‘पाण्याशी संपर्क टाळा’ हे चुकीचे लिहिले गेले, तर तिकडच्या कोणाचा तरी हात भाजेल. रसायनांच्या स्फोटांची धग सोसलेल्या तारापूरला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. नियामकांचे अर्ज, करार, लेबल आणि सुरक्षा माहिती ही व्यावसायिक अनुवादकाकडेच जायला हवीत. शिकलेल्या स्पॅनिशचा उपयोग एवढाच की आलेला अनुवाद किमान तपासून प्रश्न विचारता यावेत.

थोडक्यात, ओळख स्पॅनिशमध्ये व्हावी, सही समजलेल्या भाषेत व्हावी.

फक्त फिरायला जायचे असेल तर?

मग अपेक्षा आणखी कमी ठेवता येतात. पन्नास-साठ तासांत प्रवासापुरती भाषा येते. संख्या, वेळ, दिशा, भाव आणि जेवण. यातला जेवणाचा धडा शाकाहारी प्रवाशाने सर्वांत आधी घ्यावा. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. पण स्पेनमध्ये ते सांगूनही ताटात मासा किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, कारण अनेकांच्या लेखी ‘कार्ने’मध्ये ते मोडत नाहीत. मासा नको, कोंबडी नको, ‘हामोन’ नको, अंडे नको असे एकेक सांगावे लागते. ‘तोर्तिया’ हा शब्द तर दोन देशांत दोन पदार्थ आणतो. मेक्सिकोत ती मक्याची पातळ भाकरी, स्पेनमध्ये अंडे आणि बटाट्याचे जाडजूड आमलेट.

बार्सिलोनाला जाणाऱ्याने तिथे कॅटलान ही स्वतंत्र भाषा बोलली जाते, एवढे भान ठेवावे. स्पॅनिश तिथे चालते, पण कॅटलानला ‘स्पॅनिशची बोली’ म्हणू नये. मराठीला कोणी हिंदीची बोली म्हटले तर कसे वाटेल, एवढा विचार पुरे.

प्रमाणपत्राने नोकरी मिळते का?

पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राने नाही. स्पॅनिशची ‘देले’ ही परीक्षा ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांवर होते आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. मात्र पुणे, मुंबई, बेंगळूरुमधील परकीय भाषेच्या नोकऱ्या साधारणतः बी२ किंवा त्याहून वरची पातळी मागतात. तिथे पोहोचायला दोन-तीन वर्षांची सातत्याची मेहनत लागते. ‘तीन महिन्यांत स्पॅनिश आणि हमखास नोकरी’ असे फलक दिसले, तर फी भरण्यापूर्वी कोणती पातळी, कोणती परीक्षा आणि कोणती नोकरी, हे तीन प्रश्न विचारावेत.

याउलट, ज्याच्या हातात रसायनशास्त्राची पदवी, गुणवत्ता तपासणीचा अनुभव किंवा निर्यातीच्या कागदांचे ज्ञान आधीच आहे, त्याला थोडी स्पॅनिशही पुढे नेते. नुसती भाषा येणारे पुष्कळ सापडतात. भाषा आणि अणुभट्टीइतकीच गुंतागुंतीची रासायनिक भट्टी, दोन्ही कळणारे कमी.

मग पालघरने काय करावे?

खरा प्रश्न शिकण्याचा नाही, कोण शिकणार याचा आहे. आजवर तारापूरचा माल जगभर गेला, पण त्या जगाशी बोलण्याचे काम जिल्ह्याबाहेरच्या कार्यालयांत राहिले. स्थानिक तरुणाच्या वाट्याला बहुधा यंत्रासमोरची पाळी, माल चढवणे-उतरवणे आणि प्रदूषण आले. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पालघरमध्ये भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा विरोध कायम आहे आणि त्यांच्या उपजीविकेच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही भाषावर्गात मिळणार नाही. बुलेट ट्रेनचे एक स्थानकही बोईसरला प्रस्तावित आहे. हे प्रकल्प उभे राहतील तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कोण बसणार, हे आजच्या तयारीवर ठरेल.

ही तयारी महागडी नाही. तारापूर इंडस्ट्रियल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन अर्थात ‘टिमा’सारख्या उद्योजक संघटनेने पुढाकार घ्यावा आणि पालघर-बोईसरमधील महाविद्यालयांनी संध्याकाळी वर्गखोल्या द्याव्यात. दहा कारखान्यांनी मिळून एका शिक्षकाचा खर्च उचलला, तर कोणावरही भार पडणार नाही. वर्गात व्यवस्थापकांच्या शेजारी प्रयोगशाळेतील सहायक आणि रसायनशास्त्राचे स्थानिक विद्यार्थीही बसावेत. अट एकच असावी. पुस्तक इंग्रजीतले असले तरी समजावणे मराठीतून व्हावे. ‘मला आवडतं’पासून ‘मे गुस्ता’पर्यंत थेट रस्ता असताना इंग्रजीचा वळसा घेण्याचे कारण नाही.

आणि कारखान्याने शिकणाऱ्याला काम द्यावे. महिन्यातून एकदा तरी त्याने गिऱ्हाइकाशी स्पॅनिशमध्ये दोन मिनिटे बोलावे, चुकावे, पुन्हा बोलावे. खानखोजेंना मेक्सिकोने काम दिले म्हणून त्यांची भाषा टिकली. काम नसेल तर सर्वांत चांगले प्रमाणपत्रही घरच्या भिंतीवर लटकत राहते.

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे, पण हेतू ठरवून. ज्याला फिरायचे आहे त्याने साठ तास द्यावेत, ज्याला गिऱ्हाईक टिकवायचे आहे त्याने दोनशे, आणि ज्याला भाषेवरच पोट भरायचे आहे त्याने दोन-तीन वर्षे. रात्री साडेआठला आलेल्या त्या ई-मेलच्या खालच्या ओळी वाचता येणे, ही सुरुवात म्हणून पुरेशी आहे. त्यात बहुधा एवढेच लिहिलेले असते की माल चांगला आहे, पण उत्तर वेळेवर येत नाही.